घाटात दम लागणारी गाडी

माझे यजमान आल्हाद गाडी चालवतात तेव्हा मागून येणाऱ्यांना वाटतं, पुढे कुणाची तरी वरात चालली आहे. लोक हॉर्न वाजवून थकतात आणि शेवटी बाजूने पुढे निघताना आत डोकावून बघतात. आत आल्हाद असतात. दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाठ ताठ, आणि चेहऱ्यावर असा भाव की बुलढाणा जिल्ह्यातली सगळी वाहतूक आपल्या एकट्यामुळे सुरळीत चालली आहे. ते कॉलेजच्या ऑफिसात आहेत. तिथेही फायली याच वेगाने सरकतात असं ऐकलं आहे.

मी श्रद्धा, जनावरांची डॉक्टर. गावोगावचे लोक मला सरळ ‘ढोराची डॉक्टरीण’ म्हणतात आणि मला ते आवडतं. आधी मी धाडच्या दवाखान्यात होते. यंदा दसरा झाला आणि माझी बदली राजूरच्या घाटाखाली, मोताळ्याच्या पलीकडच्या एका गावात झाली. म्हणजे सकाळी बुलढाण्याहून घाट उतरायचा आणि संध्याकाळी चढायचा. मधल्या वेळात फोन येईल तिथे जायचं. कुणाची म्हैस अडलेली असते, कुणाच्या शेळ्यांनी भलतंच काही खाल्लेलं असतं. बैलाचं पोट फुगलं तर तो एसटीची वाट बघत नाही. त्यामुळे मला गाडी लागते. हौस म्हणून नाही, स्टेथोस्कोप लागतो तशी लागते.

गाडी आमची जुनी घेतलेली, डिझेलवर चालणारी, टर्बोवाली. टर्बो म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मलाही ते दोन महिन्यांपूर्वी माहीत नव्हतं. तो एक पंखा असतो. तो बाहेरची हवा ओढतो आणि जोराने इंजिनात कोंबतो. हवा जास्त, तर ताकद जास्त. पण हा पंखा आळशी असतो. तुम्ही पाय नीट दाबल्याशिवाय तो जागा होत नाही.

आता रड अशी होती की रोज संध्याकाळी घाट चढताना गाडी बसायची. सपाटीवर छान पळायची, पहिलं वळणही चढायची आणि मग जरा पाय दाबला की कुठून तरी ‘फुस्स’ असा आवाज यायचा, मागे काळा धूर सुटायचा आणि सगळी ताकद जायची. पाय आणखी दाबावा तर धूर आणखी. कापसाने भरलेले ट्रक मला मागे टाकून जायचे. एकदा एका ट्रकवाल्याने वरून हात केला आणि विचारलं, “ताई, धक्का मारू का?” त्याने ते चांगुलपणाने विचारलं होतं, म्हणून तर जास्त लागलं.

घरी सांगितलं. आल्हादनी शांतपणे ऐकून घेतलं आणि रविवारी स्वतः गाडी घाटात नेऊन आणली. जेवायच्या वेळेला गेले ते चहाच्या वेळेला परतले. हातपाय धुतले आणि निकाल दिला.

“गाडीत काही नाही. आरामात चढली. कसला आवाज नाही, धूर नाही.”

“मग मी चालवते तेव्हाच काऊन होतं?”

“तेच तर,” ते म्हणाले आणि पुढे काही बोलले नाहीत. न बोलून बोलायची त्यांची ही पद्धत मला लग्नापासून माहीत आहे.

माझे सासरे शरच्चंद्र, आम्ही त्यांना नाना म्हणतो, तहसीलीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. आता ते गल्लीत सत्यनारायण सांगतात आणि कुणी नवीन गाडी घेतली की तिची पूजा करतात. आमच्या गाडीची तर रोजच पूजा असते. सकाळी मी उठायच्या आत ती धुतलेली, पुसलेली. दसऱ्याला तर नाना बॉनेट उघडून आतलं सगळं काढून घासूनपुसून चकचकीत करतात, मग हळद-कुंकू, झेंडूची माळ, नारळ. नानांच्या मते गाडी त्यांच्या हाताखाली आहे तोवर तिला काही होणं शक्य नाही. त्यांनीही मान डोलावली.

“दोन वर्षं गाडी माझ्या हातात आहे. एक दिवस तक्रार नाही,” ते म्हणाले. “सूनबाई, तुझा पाय जरा जड आहे. जनावरं धरून धरून सवय झाली असेल.”

म्हणजे घरात दोन न्यायाधीश होते, दोघांचं एकमत होतं आणि आरोपीला वकील नव्हता. त्यावर शिक्षाही सुनावली गेली. गाडी माझ्या हातून पूर्ण खराब व्हायच्या आत विकून टाकायची. चिखलीचे उत्तमराव म्हणून कुणी आल्हादच्या ओळखीचे होते, ते पुढच्या रविवारी गाडी बघायला येणार होते. आणि मला? मला स्कूटी. माझ्या औषधांच्या पेटीकडे आणि वासरू ओढायच्या साखळदंडाकडे बघून आल्हाद म्हणाले, “पायापाशी ठेवता येतं ते.” नाहीतर एसटी होतीच, आणि एसटीने जमत नसेल तर घाटाच्या वर, बुलढाण्याजवळ बदली मागून घेता येईल, असंही ते अगदी सहज म्हणाले.

मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो. पण त्या वेळी राग कमी आणि अपमान जास्त होता. मी अंधारात, पावसात, नांगरलेल्या शेतातून ही गाडी काढली आहे. आणि माझ्याच घरात ठरलं होतं की मला गाडी चालवता येत नाही. रविवारी गाडी गेली की ते कायमचं ठरणार होतं. मग पुढची वीस वर्षं मी स्वयंपाकघरातून काहीही ओरडले असते तरी त्याला अर्थ नव्हता.

म्हणून शनिवारी मी सुट्टी टाकली आणि गाडी धाडला न्यायची ठरवली. धाडला प्रसेनजितचं गॅरेज आहे. त्याच्या आईची, जनकाबाईंची म्हैस मी एकदा रात्रभर बसून वाचवली होती, तेव्हापासूनची ओळख. प्रसेनजितने बुलढाण्याला शिकून डिप्लोमा केला आहे आणि हे तो पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. दुसऱ्या पाच मिनिटांत पुन्हा सांगतो. पण हात चांगला आहे.

मी निघाले तर नाना चपला घालून दारात उभे.

“मी येतो. हे गॅरेजवाले चांगला पार्ट काढून घेतात आणि जुना टाकतात.”

“नाना, धाडला बाजार आहे आज. गर्दी असेल.”

“मग तर येतोच. भाजी घेता येईल.”

वाटेत नाना मला प्रत्येक खड्डा, तो येऊन गेल्यावर, दाखवत होते. मी एक शब्द बोलले नाही. त्यामुळे त्यांना वाटलं मी सुधारते आहे.

धाडचा बाजार रस्त्यापर्यंत आला होता. प्रसेनजितचं गॅरेज स्टँडच्या पुढे, कडुलिंबाखाली. त्याने बॉनेट उघडलं आणि आधी दोन पावलं मागे सरकला.

“अरे बापरे! मॅडम, हे इंजिन आहे का देव्हारा?”

नानांची छाती फुगली. खरोखरच आत सगळं लखलखत होतं. रबरी नळ्या काळ्याभोर चमकत होत्या, एका पाइपावर कुंकवाचं बोट होतं.

“माझ्या गॅरेजात असं चकचकीत इंजिन पहिल्यांदाच पाहून राह्यलो,” प्रसेनजित म्हणाला. “डिप्लोम्याले होतो तेव्हा फोटोत पाह्यलं होतं.”

मी त्याला सगळं सांगितलं. घाट, आवाज, काळा धूर. त्याने मान डोलावली. “हवा गळून राह्यली. टर्बो हवा कोंबते, पन मधातच कुठं तरी निसटते. डिझल पूर्न जातं, हवा अर्धी, म्हनून काया धूर. सोपं आहे. आता धरतो.”

त्याने कॉम्प्युटर जोडला. कॉम्प्युटर म्हणाला, सगळं ठीक. त्याने एकेक क्लिप हाताने हलवून पाहिली. एकही सैल नव्हती. मग त्याने एक पत्र्याचा डबा आणला, त्यात तेलाची चिंधी पेटवली आणि तो धूर नळीने इंजिनाच्या हवेच्या वाटेत सोडला. जिथे गळती असेल तिथून धूर बाहेर येणार होता. आम्ही तिघे वाकून बघत राहिलो. नानांनी सवयीने हात जोडले. धूर आत गेला आणि आतच राहिला. कुठूनही, एक रेघसुद्धा बाहेर आली नाही.

प्रसेनजितने हात पुसले. “मॅडम, कुठंच काही नाही. गाडी एकदम ओक्के. डिप्लोमा गहाण ठेवतो.”

“मी म्हटलं नव्हतं?” नाना म्हणाले आणि पिशवी घेऊन भाजी आणायला निघाले.

खरं सांगते, मलाही वाटायला लागलं, कदाचित मीच. कदाचित माझा पायच जड. माणसाला चार जणांनी शांत आवाजात वेडं म्हटलं की तो पाचवा होऊन तेच म्हणायला लागतो. मी कडुलिंबाखालच्या बाकावर बसले आणि समोर बांधलेल्या एका बैलाकडे बघत राहिले. बाजारात आणलेला बैल, उभा होता तेव्हा अगदी राजबिंडा. मालकाने त्याला दावणीतून सोडून दोन पावलं चालवलं आणि मला दिसलं, मागचा डावा पाय तो टेकवताना चोरतो आहे.

मी उठले. “प्रसेनजित, लंगडा बैल उभा असला तर कधी लंगडतो का रे?”

“नाही.”

“तो चालवून पाहावा लागतो. आन् वजन घालून. तुझ्या धुराले जोर किती? फुंकर घातल्यावानी. टर्बोचा जोर किती? गाडी भरून चढावर नेऊ. मी चालवतो, तू आयक.”

सोनाळ्याची मुलगी आहे मी. चिडले की माझी भाषा आपोआप माहेरी जाते, आणि तिथे बायकाही ‘मी चालवतो’ असंच म्हणतात.

गाडी भरायला बाजारात माणसांची काय कमी? जनकाबाई भाजी घेऊन येतच होत्या, त्यांना टेकडीकडच्या वस्तीवर बहिणीकडे जायचं होतं. त्यांच्यासोबत दोन बायका, कांद्याची गोणी, एक कोंबडी. प्रसेनजित खिडकीतून अर्धा बाहेर. नाना भाजी घेऊन परत आले तर त्यांच्या देव्हाऱ्यात कोंबडी बसलेली. ते दोन बायकांमध्ये अंग चोरून बसले आणि कोंबडीकडे बघायचं टाळत राहिले.

चढ सुरू झाला. मी पाय दाबला. नीट दाबला, रोज दाबते तसा. अर्ध्या चढावर गाडीने ओळखीचा ‘फुस्स’ केला, आरशात काळा धूर दिसला आणि सगळी ताकद गेली.

पुढच्या सीटवर बसलेल्या जनकाबाईंनी पदर नाकाला लावला आणि अगदी मायेने म्हणाल्या, “बाई, तुह्या गाडीले दम लागून राह्यला.”

“आयकलं! आयकलं!” प्रसेनजित बाहेरूनच ओरडला. “हाव मॅडम, आयकलं!” त्याचा चेहरा असा फुलला होता की जणू गळती त्यानेच लावली होती. मी मात्र इतकी खूश झाले की स्टिअरिंगवर हात आपटला. वेडी नाही मी. गाडी खरंच आजारी आहे.

बायकांना वस्तीवर सोडून आम्ही परतलो. आता प्रसेनजितच्या अंगात आलं होतं. त्याने हवेच्या वाटेचं तोंड एका टोपणाने घट्ट बंद केलं. त्या टोपणाला टायरच्या ट्यूबचा व्हॉल्व बसवलेला होता. त्यात टायरला भरतात तशी हवा भरायला सुरुवात केली. सगळ्या जोडांवर भांड्याच्या साबणाचं पाणी ओतलं. “आता टर्बोइतका जोर देतो. कशी लपते पाहू.”

काटा चढत गेला. आधी काही नाही. मग खालच्या मोठ्या रबरी पाइपाच्या तोंडाशी एक बुडबुडा आला. मग फेस. आणि मग आमच्या डोळ्यांदेखत तो पाइप, क्लिप घट्ट असूनही, हळूहळू मागे सरकला आणि ‘फुस्स’ करून फेस आमच्या तोंडावर उडवला. हवा सोडली तर पुन्हा जागेवर जाऊन साळसूद होऊन बसला.

“असा आहे का तू!” प्रसेनजित पाइपाला म्हणाला. त्याने क्लिप सैल केली आणि पाइप ओढला. तो लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला. त्याने आतून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि थांबला.

“खोबऱ्याचं तेल?”

मी वास घेतला. खोबरेल तेल. रोज सकाळी आमच्या ओसरीत येतो तोच वास.

“कोन आहे बे हा शहाना?” प्रसेनजितचा आवाज चढला. “आतून तेल लावलं! पाइप कोरडा असला तर रबर धरून ठेवतं. तेल लावलं तर क्लिप काय करीन? जोर आला का सरकनारच. वरून रबरही नरम पडलं. ज्यानं हे केलं ना मॅडम, त्याले इंजिनाजवळ येऊ देऊ नका. त्याले झाडू द्या हातात.”

नाना मेथीच्या जुडीकडे अतिशय बारकाईने बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

मला सगळं एका क्षणात कळलं. दसऱ्याला पाइप काढून पुसला असणार. परत बसेना, म्हणून तेल लावून बसवला, आणि क्लिप मन लावून आवळली. दसरा संपला, माझी बदली झाली, आणि गुन्हा माझ्या नावावर जमा झाला. मी तोंड उघडलं. मग नानांचे लाल कान बघितले आणि बंद केलं. तिथे, एका गॅरेजात, सत्तरीच्या माणसाला मी काय बोलणार? घरी ते स्वतः बोलतील, असं मला वाटलं.

प्रसेनजितने पाइपाचं नरम पडलेलं टोक जरासं कापून टाकलं, दोन्हीकडचं तेल थिनरने पुसून काढलं, वाळू दिलं आणि पाइप कोरडा बसवून नवी क्लिप लावली. पुन्हा हवा भरली. साबणाचं पाणी शांत बसलं. एक बुडबुडा नाही.

“पन मग आमच्या साहेबांनी घाट चढवला तेव्हा काऊन नाही झालं?” मी विचारलं.

प्रसेनजितला आल्हाद माहीत होते. तो हसला. “साहेबाच्या हाती टर्बो उठतच नाही मॅडम. झोपेल राहते बिचारा. हवा कोंबलीच नाही तर गयनार कुठून?”

परतीच्या वाटेत नाना एकही खड्डा दाखवत नव्हते. बुलढाणा दिसायला लागलं तेव्हा म्हणाले, “सूनबाई, आल्हादला सांगताना... क्लिप सैल झाली होती असं सांगितलं तरी चालेल. नाही का?”

मी गिअर बदलला. “नाना, क्लिप सैल नव्हती.”

“नव्हती. पण गाडी झाली ना नीट.”

मी ‘बरं’ म्हटलं. राग गिळायची मला सवय नाही, त्या दिवशी तो मेथीच्या भाजीबरोबर गिळला.

कारण जेवताना झालं असं की आल्हादनी क्लिपची गोष्ट ऐकली, घास संपवला आणि विचार करून म्हणाले, “आणि क्लिप सैल कशाने झाली? गाडी आपटतेस तू. माझ्या हातून दोन वर्षांत झाली का कधी?” उत्तमराव उद्या येणारच होते. ठरलं ते ठरलं. आज क्लिप, उद्या आणखी काही.

मी नानांकडे बघितलं. नाना ताटात बघत होते. ताटात काहीच नव्हतं.

रविवारी सकाळी उत्तमराव आले. जाडजूड, हसतमुख माणूस, बरोबर त्यांची पत्नी गीताबाई. गल्लीतले दोन-तीन जण विनाकारण येऊन उभे राहिले. गाडी विकली जाते आहे म्हटल्यावर लोकांना घरात लग्न असल्यासारखं वाटतं. नानांनी नेहमीप्रमाणे गाडी पुसून ठेवली होती. उत्तमरावांनी बॉनेट उघडून बघितलं, बंद केलं, आत बसून बघितलं.

“एवढी चांगली गाडी इकता काऊन?” त्यांनी विचारलं.

आल्हाद हसले. “गाडीत काही दोष नाही हो. खरं सांगायचं तर मिसेस चालवतात. त्यांना घाटात जमत नाही. उगीच खराब होण्यापेक्षा...”

गल्लीतले लोक हसले. गीताबाई हसल्या नाहीत, त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चहाचा ट्रे धरून उभी होते. ट्रे खाली ठेवून सगळं सांगून टाकावं असं मला फार वाटलं. पण नानांना ‘बरं’ म्हटलं होतं.

तेवढ्यात नाना ओसरीवरून उतरले. हातातलं पुसायचं फडकं त्यांनी बॉनेटवर ठेवलं.

“आल्हाद, तू खोटं बोलतोस असं नाही. तुला माहीत नाही.” त्यांनी पाहुण्यांकडे बघितलं. “उत्तमराव, गाडीत दोष होता. मी दसऱ्याला पाइप काढला आणि खोबरेल लावून बसवला. शहाणपणा माझा. त्याने गाडी घाटात मरायची. महिनाभर ही पोरगी मेलेली गाडी घेऊन रोज संध्याकाळी घाट चढून आली. आणि आम्ही दोघं घरात बसून तिलाच म्हणत होतो, तुला जमत नाही. काल कळल्यावरसुद्धा मी गप्प बसायला सांगितलं तिला. ती गप्प बसली.” ते माझ्याकडे वळले. “श्रद्धा, चुकलो मी.”

मला वाटलं होतं या क्षणी मला जिंकल्यासारखं वाटेल. तसं काही वाटलं नाही. मला रडू आलं, आणि हातात ट्रे असल्यामुळे डोळेही पुसता आले नाहीत. गीताबाईंनी पुढे होऊन ट्रे घेतला.

“म्हनजे गाडी इकायची नाही का?” उत्तमरावांनी विचारलं.

“नाही,” नाना म्हणाले. “चहा घ्या.”

आल्हाद तिथेच उभे होते. “पण मी चढवली तेव्हा तर...” असं त्यांनी सुरू केलं, तेव्हा मी प्रसेनजितचं म्हणणं त्यांना सांगितलं. टर्बो झोपलेला राहतो, ते. उत्तमराव इतके हसले की चहा सांडला. आल्हादही शेवटी हसले, पण उशिराने आणि थोडंसंच.

पाहुणे गेल्यावर ते म्हणाले, “चल. घाटात जाऊन येऊ. तू चालव.”

लग्नाला नऊ वर्षं झाली, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मी घाट उतरले, खाली वळवली आणि चढायला सुरुवात केली. पहिलं वळण. पाय दाबला. फुस्स नाही, धूर नाही, गाडी अशी उचलली की मीच चकित झाले. पुढचा कापसाचा ट्रक मागे गेला. मी मोठ्याने हसले आणि डावीकडे बघितलं. आल्हादनी खिडकीवरची मूठ दोन्ही हातांनी धरली होती, उजवा पाय खालच्या मॅटवर ब्रेक मारत होता आणि कपाळावर घाम होता.

“थांबव जरा,” ते म्हणाले.

रुंद जागा बघून मी गाडी बाजूला घेतली. ते उतरले, कठड्यापासून लांब उभे राहून पाणी प्यायले.

“मला घाटाची भीती वाटते,” ते म्हणाले. “आधीपासून. त्या रविवारी मी घाट चढवला ना, मध्ये तीनदा थांबलो. म्हणून उशीर झाला.” मग थोडं थांबून म्हणाले, “आणि तू रोज इथून येतेस. तू पोचेपर्यंत ऑफिसात माझं कशात लक्ष नसतं. गाडी गेली तर तू घाटावर बदली मागशील, असं वाटलं. तुझ्यात दोष नव्हता. मला सोसवत नव्हतं.”

मला आधी राग आला, चांगलाच. “अहो, मग हे सांगायचं! मला गाडी येत नाही असं गल्लीभर सांगत बसलात त्यापेक्षा!”

“तू हसली असतीस.”

हसले असते, हे खरं आहे. खाली मोताळ्याकडची शेतं उन्हात पिवळी दिसत होती, आणि हा माणूस त्या सुंदर देखाव्याकडे पाठ करून उभा होता. मला त्यांची दया आली आणि फार प्रेमही वाटलं, दोन्ही एकदम.

“बदली मी मागणार नाही,” मी म्हणाले.

“माहीत आहे.” ते गाडीत बसले, पट्टा लावला आणि मूठ पुन्हा धरली. “माझ्यासाठी हळू चालवू नको. रोज चालवतेस तशी चालव. मला बघू दे.”

आणि त्यांनी डोळे उघडे ठेवले. घाट संपेपर्यंत.